पऱ्हाटीचा धूर कोण मोजणार?



2019 साली दिल्लीने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम काढला. खराब हवेच्या शहरांच्या यादीत आपली अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. शहराची हवा मोजणार, रस्त्याची धूळ हटवणार. चांगलेच आहे. पण दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या खेड्यात जी बाई दोन्ही वेळा पऱ्हाटी पेटवून ज्वारीची भाकर थापते, तिच्या तोंडावर येणारा धूर कोणत्या यंत्राने मोजला?

धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोच धूर हृदयावरही जातो, हे मात्र कोणी सांगत नाही. धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही लहान असतात. ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन सूज आणतात, काही रक्तात उतरतात. रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, रक्ताची गुठळी लवकर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 साली घरातल्या धुराने जगात सुमारे 32 लाख माणसे गेली. त्यातली जवळजवळ एकतृतीयांश हृदयविकाराने.

आपल्याकडे बाईला दम लागला, पाठ-जबडा दुखला, मळमळले, की 'गॅस झाला' म्हणून ओवा देतात. घरातली टाकी रिकामी, आणि दुखण्याचे नाव गॅस! बाईच्या हृदयविकाराची लक्षणे पुष्कळदा अशीच असतात.

साहेब म्हणतील, 2016 पासून उज्ज्वला आहे. आहे ना. शेगडी आली, पहिली टाकी आली. पुढची कोण भरणार? 2023 साली अनुदान टाकीमागे 300 रुपये झाले, तरी टाकी घेताना रोख मोजावीच लागते. कोरडवाहू घरात रोख दिसते ती कापूस विकल्यावर, तीही व्यापारी देईल त्या भावाने. पऱ्हाटी फुकट. म्हणून टाकी पाहुण्याच्या चहाला आणि भाकर चुलीवर. आमच्या बायांना अडाणी म्हणू नका, त्यांना हिशेब येतो. कापसाचा भाव पडला की धूर बाईच्या छातीत जातो.

शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून आणखी सांगतो. घरामागे रचलेल्या पऱ्हाटीच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते. म्हणजे एकाच गंजीतून घरात धूर आणि शेतात अळी.

तोड आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्र सरकारने कोळशाच्या वीज केंद्रांना 5 टक्के जैवइंधन मिसळण्याचे धोरण केले. पारसचे केंद्र आपल्याच बाळापूर तालुक्यात आहे. तिथे चिमणीला राख अडवणारे यंत्र असते, आपल्या चुलीला काय आहे? पऱ्हाटी विकली जाऊ द्या, टाकीचे पैसे तिच्यातूनच निघतील.

जिल्हा बैठकीत हे ठराव मांडा :

1. पारस आणि नांदगाव पेठच्या केंद्रांसाठी पऱ्हाटी गावातून वजनावर, जाहीर भावाने घ्यावी. पैसे घरच्या बाईच्या खात्यात जमा करावेत.
2. कापूस विकेपर्यंत टाकी उधारीवर मिळावी.
3. प्राथमिक आरोग्य केंद्रात चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईचा रक्तदाब तपासावा, ईसीजीची सोय करावी.

आणि भावांनो, चुलीवर धुराडे बसवायला एक दिवस लागतो. त्यासाठी कोणत्याही सरकारची वाट पाहावी लागत नाही. घरी जाल तेव्हा आधी स्वयंपाकघराचे छप्पर पाहा. ते किती काळे झाले आहे, त्यावरून तिच्या छातीचा अंदाज करा.