फाइल जाड, माहिती अपुरी

निफाडच्या आमच्या काकू कंबरदुखीसाठी प्रथमच नाशिकला वेदनातज्ज्ञाकडे निघाल्या. पिशवीत एक्स-रे, एमआरआय, सगळं. म्हटलं, ‘काकू, गोळ्यांची पाकिटंही घ्या. मेडिकलवाल्यानं दिलेली, वैद्याच्या पुड्यासुद्धा.’ लोक हेच लपवतात! डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सतत घेतल्यानं मूत्रपिंडाला धोका असतो, डॉक्टरांना ते कळायलाच हवं.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं जुनाट मानतात. तिथं ‘लई दुखतंय’ एवढ्यानं भागत नाही. द्राक्षांच्या छाटणीला किती वेळ उभं राहवतं, रात्री झोप मोडते का, कोणत्या गोळीनं गुण आला नाही, हे कागदावर लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर इंजेक्शनआधी ती सांगाच.

आणि सोबत गेलेल्या लेकांनो, उत्तरं आईलाच देऊ द्या.