दोन, का आणि फुका

मे महिन्याच्या सुट्टीत माझा धाकटा भाऊ टोकियोहून आला आणि भाच्यासाठी ढोल घेऊन आला. अंबाडीला बाहेरून ढोल आणायचा म्हणजे देवगडला आंबे नेण्यासारखेच. भिवंडीहून वाड्याकडे निघालेला रस्ता आणि वज्रेश्वरीहून आलेला रस्ता जिथे भेटतात, त्या आमच्या नाक्याच्या आसपास ढोल, ताशा, तारपा, पखवाज यांपैकी काही ना काही वर्षभर वाजतच असते. आणि काहीच वाजत नसेल तेव्हा मालट्रकांचे भोंगे आहेतच.

हा ढोल मात्र प्लास्टिकचा होता. लहान परातीएवढा, तिरक्या बैठकीवर बसवलेला, सोबत दोन आखूड काठ्या. तो निन्टेंडो स्विच नावाच्या यंत्राला जोडायचा, यंत्र टीव्हीला जोडायचे आणि मग समोर बसून वाजवायचे. खेळाचे नाव 'ताइको नो तात्सुजिन', म्हणजे ढोलाचा उस्ताद. (भाऊ राहतो टोकियोच्या एदोगावा भागात. तिथे आपल्या लोकांची वस्ती एवढी आहे, की २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ तिथल्या विभागसभेवर निवडून आले. तेव्हा उद्या तिथूनच कुणी पुरणयंत्र आणले तरी मला नवल वाटणार नाही.)

खेळ समजायला अगदी सोपा. गाणे सुरू होते. पडद्यावर उजवीकडून डावीकडे लाल आणि निळी वर्तुळे सरकत येतात. डावीकडे एक रिकामे कडे असते. वर्तुळ त्या कड्यात बरोबर बसेल त्या क्षणी काठी मारायची. लाल असेल तर ढोलाच्या मधोमध. त्या आवाजाला जपानी लोक 'दोन' म्हणतात. निळे असेल तर काठावर, तो 'का'. आपल्याकडे जसे तबल्याचे बोल तोंडाने म्हणून शिकवतात, तशीच तिकडेही ढोलाचे बोल तोंडी म्हणण्याची रीत आहे. हे कळल्यावर मला तो खेळ एकदम आपल्यातला वाटू लागला. पण घरात दिवसभर 'दोन का? दोन दोन का!' असे चालले की मराठीच्या प्राध्यापिकेला कुणीतरी सारखे प्रश्न विचारते आहे असा भास होतो, तो वेगळाच.

प्रत्येक ठोक्याला यंत्र लगेच निकाल देते. अगदी वेळेवर पडला तर 'र्‍यो', म्हणजे उत्तम. थोडा इकडेतिकडे झाला तर चालवून घेते. आणि चुकला तर 'फुका'. जपानीत त्याचा अर्थ 'नापास' असा आहे.

"आजोबा, फुका!" चिरंजीव ओरडले.

"काय फुका?"

"म्हणजे चुकलं."

"चुकलं ते कळलं रे. पण फुका म्हणजे फुकटच ना?" मामंजी म्हणाले आणि काठ्या खाली ठेवल्या.

आता हे मामंजी कोण, ते सांगायला हवे. माझे सासरे सत्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांतली चाळीस वर्षे त्यांनी मारुतीच्या देवळात हरिपाठाला पखवाज वाजवला आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीला प्रत्येक वेळी ओली कणीक लावावी लागते; वाजवून झाले की ती खरवडून काढायची. त्यामुळे लग्न होऊन या घरात आल्यापासून संध्याकाळची कणीक भिजवताना एक गोळा बाजूला काढून ठेवायची मला सवय लागली होती. गेल्या कार्तिकीच्या दिंडीत एक तरुण टाळकरी त्यांना म्हणाला, "आजोबा, हात मागे पडतोय." तो काही वाईट मुलगा नाही, प्रेमानेच म्हणाला असेल. पण त्या रात्री पखवाज खोळीत गेला आणि खोळ कपाटावर. त्यानंतर कुणी माझ्याकडे कणीक मागितली नाही.

त्यामुळे नातवाने बळेबळे काठ्या हातात दिल्यावर ते ढोलासमोर बसले, याचा मला कोण आनंद झाला! गाणे त्यांनी नीट कान देऊन ऐकले, मान हलवली, सम धरली आणि वाजवायला लागले. यंत्राने मात्र फुका, फुका, फुका असा धडाका लावला. या खेळात कडेला एक पट्टी असते. ठोके बरोबर पडले की ती भरत जाते, चुकले की रिकामी होते. जपानीत तिचे नाव 'तामाशी', म्हणजे आत्मा. मामंजींचा आत्मा गाणे संपेपर्यंत रिकामाच राहिला, आणि त्याच गाण्यात नातवाचा काठोकाठ भरला.

"यंत्र खोटं बोलत नाही," एवढेच म्हणून मामंजी ओसरीवर गेले.

मला हे वाक्य लागले. वर्गात वृत्ते शिकवताना मी मुलांना सांगते की मात्रा मोजण्याआधी कानाने ऐका, बोटे नंतर. आणि इथे चाळीस वर्षांचा कान नापास झाला होता. म्हणून मग त्या रात्री भावाला समोर बसवून या यंत्राची सारी कुळकथा मी काढून घेतली. काही त्याने सांगितली, काही मी नंतर वाचली.

हा खेळ काढणाऱ्या नाम्को कंपनीचा आरंभ १९५५ सालचा. मासाया नाकामुरा यांनी योकोहामाच्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर मुलांसाठी डुलणारे दोन यांत्रिक घोडे बसवले, तिथून धंदा सुरू झाला. पुढे १९८० साली याच कंपनीने 'पॅकमॅन' काढला, तो गोल तोंडाचा ठिपके खाणारा प्राणी आमच्या पिढीच्या ओळखीचा आहे. गाण्याच्या तालावर बटणे दाबण्याचे खेळ जपानात नव्वदीच्या उत्तरार्धात फोफावले. १९९६ साली 'पॅरॅपा द रॅपर' हा प्लेस्टेशनवर आला. १९९७ साली कोनामी कंपनीचा 'बीटमॅनिया' आणि १९९८ साली तिचाच 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' हे खेळ पार्लरमध्ये आले. या दुसऱ्यात तर पायांनी बाण तुडवायचे होते. नाम्कोचा ढोल २००१ च्या फेब्रुवारीत पार्लरमध्येच उभा राहिला.

तो मूळचा ढोल पाहण्यासारखा असतो म्हणे. दोन माणसे शेजारी उभी राहतील एवढे धूड, समोर दोन मोठे ढोल, हातात खऱ्यासारख्या लाकडी काठ्या. उन्हाळ्यातल्या पितरांच्या उत्सवात जपानी माणसाने ढोल लहानपणापासून ऐकलेला असतो. त्यामुळे आजी-नातू दोघांनाही तो खेळ कुणी शिकवावा लागला नाही. ढोल, पडदा आणि आवाजाचे कर्णे, तिन्ही वस्तू एकाच पेटीत, एकाच कारखान्यात बसवलेल्या. एवढे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढच्याच वर्षी, २००२ च्या ऑक्टोबरात, हा ढोल प्लेस्टेशन टू या यंत्रावर घरी आला. आता पडदा ज्याच्या त्याच्या घरचा, आवाज घरच्या टीव्हीचा आणि ढोल प्लास्टिकचा. त्याला 'ताताकोन' असे नाव. २००४ साली इंग्रजी गाणी भरून तो अमेरिकेतही गेला. पण तिकडे दुसऱ्या वर्षी गिटारचा खेळ, 'गिटार हिरो', आला आणि सगळे त्याच्यामागे धावले. ढोलाला घरगुती यंत्रांवरून पाश्चात्त्य देशांत पुन्हा मोठ्याने वाजायला २०१८ उजाडले.

जपानात मात्र तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर उड्या मारतच राहिला. २००५ साली तो खिशात मावणाऱ्या पीएसपीवर गेला. मला विचाराल तर ही त्याची सर्वांत केविलवाणी अवस्था. ढोल पार नाहीसाच झाला, उरली ती अंगठ्यांनी दाबायची बटणे. २००७ साली निन्टेंडो डीएसवर पडद्यावरच ढोलाचे चित्र आले आणि ते लेखणीने टोकरायचे. २००८ च्या डिसेंबरात वी यंत्राबरोबर प्लास्टिकचा ढोल परत आला, तेव्हा लोकांना बरे वाटले असेल. मग २०१२ साली थ्रीडीएस, २०१३ साली वी यू, २०१७ साली प्लेस्टेशन फोर, २०१८ साली आमच्या घरी आले ते स्विच. याच्यावर ढोल नसेल तर दोन्ही हातांत यंत्राचे दोन तुकडे धरून हवेतच वाजवायची सोय आहे. आमच्या आळीतल्या मुलांना गणपतीत ते काही न धरताच जमते. २०२१ साली तो अॅपलच्या वर्गणीवाल्या खेळांत आयफोनवर आला, २०२२ साली एक्सबॉक्स आणि संगणकावर, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्विचवर निघालेली 'रिदम फेस्टिव्हल' ही आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन फाइव्ह, एक्सबॉक्स आणि संगणक यांवरही गेली. पार्लरमधले मूळचे धूड या सगळ्या काळात नव्या नव्या गाण्यांनिशी तिथेच उभे राहिले आहे.

एवढी वंशावळ ऐकल्यावर मी भावाला विचारले, "पण सगळीकडे ठोक्याची वेळ तीच राहिली का?"

तो हसला. म्हणाला, "ताई, तीच तर सगळी भानगड आहे."

भानगड अशी. जुना पेटीसारखा टीव्ही जसे चित्र येईल तसे ओळीओळीने लगेच दाखवून मोकळा होई. आताचा पातळ टीव्ही आधी सगळे चित्र आत घेतो, त्याला नटवतो, सजवतो आणि मग दाखवतो. एखादा सिनेमा पाहताना हा उशीर कुणाच्या लक्षात येणार? पण ज्या खेळात सेकंदाच्या शतांशावर निकाल लागतो, तिथे तो पुरेसा होतो. म्हणून अशा खेळांत वेळ मागेपुढे करून घेण्याची सोय ठेवावी लागते आणि टीव्हीतही खेळासाठी वेगळी रीत असते, तीत सजावट बंद होते. पार्लरच्या पेटीत या कशाचीच गरज खेळणाऱ्याला नव्हती. घरोघरच्या टीव्हीला मात्र कोण जबाबदार राहणार?

मी म्हटले, "मग नातवाचे ठोके कसे बरोबर पडतात? टीव्ही तोच, ढोल तोच."

यावर भावाकडे उत्तर नव्हते. ते सापडले दुसऱ्या दिवशी, आणि मला सांगायला थोडा अभिमान वाटतो की ते मला सापडले. मी मामंजींना पुन्हा एकदा बसण्याची गळ घातली आणि वाजवताना त्यांच्याकडे न बघता पडद्याकडे बघत राहिले. लाल वर्तुळ कड्यात यायचे, किंचित पुढे सरकायचे आणि मग ठोका पडायचा. प्रत्येक वेळी तेवढेच पुढे. पहिल्या ठोक्याला तेवढेच, विसाव्यालाही तेवढेच. ज्याचा हात मागे पडतो त्याचा कधी जास्त पडतो, कधी कमी. दमल्यावर आणखी पडतो. इतक्या नियमाने चुकणारा माणूस मी पेपर तपासताना कधी पाहिलेला नाही. एकसारख्या चुका दिसल्या की आम्ही प्रश्नपत्रिकाच पुन्हा वाचतो.

"मामंजी, तुम्ही वर्तुळं बघता का?"

"वर्तुळं कशाला बघायची? ताल ऐकायचा असतो, सूनबाई."

आणि आवाज येत होता कुठून? गणपतीत आरत्यांसाठी यांनी हौसेने घेतलेल्या बिनतारी स्पीकरमधून! टीव्हीचा आवाज बारीक वाटतो म्हणून तो कायमचा जोडून ठेवलेला. बिनतारी ब्लूटूथवरून आवाज जायचा तर तो आधी बांधून पाठवावा लागतो आणि पलीकडे सोडवावा लागतो; या बांधासोडीत सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. चित्र आधी, आवाज मागून. नातू गाणे ऐकतच नव्हता, तो डोळ्यांनी वर्तुळे टिपत होता. आजोबा आलेल्या आवाजावर बरोबर ठोका देत होते, पण तो आवाजच उशिरा येत होता. घरात गाणे ऐकणारा एकच माणूस, आणि नापास तोच!

चिरंजीवांनी स्पीकर सोडवला, टीव्हीची रीत बदलली आणि खेळातली वेळ थोडी सारखी केली. आवाज बारीक झाला खरा, पण मामंजींनी खुर्ची पुढे ओढली. या वेळी सोप्या पायरीवरून न जाता एकदम दुसरी पायरी आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचा एक तुकडा त्यांनी निवडला, का, तर "यात शब्द नाहीत, ताल स्वच्छ ऐकू येतो." र्‍यो, र्‍यो, र्‍यो. यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. तामाशीची पट्टी चढत गेली. शेवटच्या दुगणीत मात्र चार-पाच ठोके खरोखरच निसटले, आणि ते कधी कमी, कधी जास्त असे निसटले. मी काही बोलले नाही.

मामंजीच म्हणाले, "हे मात्र माझे हो. यंत्राचे नाहीत."

पट्टी भरली होती. गाणे पास झाले. नातवाने तिसरी पायरी लावू का म्हणून विचारले, चौथीचे नाव 'ओनी' म्हणजे राक्षस आहे तेही सांगितले. पण त्यांचे लक्ष नव्हते. ते मांडीवर बोटांनी ती निसटलेली दुगण पुन्हा पुन्हा, हळू लयीत, घोकत होते. डाव्या हाताने वेगळे, उजव्याने वेगळे. म्हणजे ढोल नव्हेच तो.

संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले तेव्हा कपाटासमोर स्टूल सरकवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मामंजी दाराशी येऊन उभे राहिले. "सूनबाई," ते म्हणाले, "कणीक भिजवलीत का?"