घरबसल्या सिस्टिन मंदिर

रोमयात्रेचा योग आमच्या किती वाचकांच्या वाट्यास येणार! परंतु व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर सिस्टिन प्रार्थनामंदिर आता घरबसल्या पाहता येते. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगविलेले तेथील छत सुमारे २० मीटर उंच; मान अवघडेपर्यंत पाहिले तरी यात्रेकरूस चेहरे दूरच राहतात. पडद्यावर बोट फिरविताच ते जवळ येतात.

मग वेदीमागील भिंतीकडे वळावे. १५४१ साली पूर्ण झालेल्या ‘अंतिम न्याया’त प्रेषित संत बर्थलमय आपलीच सोललेली कातडी हाती धरून बसले आहेत. ते कोकणातील कल्याणास आले होते अशी परंपरा सांगतात, म्हणून आमची दृष्टी आधी तिकडेच गेली. त्या लोंबत्या कातडीवरील चेहरा खुद्द चित्रकाराचा, असे बहुतेक जाणकार मानतात. संतांच्या मेळ्यात स्वतःसाठी त्याने एवढीच जागा घेतली!

पडद्यावर एक गोष्ट मात्र हरवते. मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांची निवड झाली, तेव्हा प्रत्येक कार्डिनलने आपला न्याय करणाऱ्या ख्रिस्तास साक्षी ठेवून याच भिंतीसमोर मत टाकले. आम्ही त्याच न्यायाधीशास बोटाने हवे तसे सरकवितो. मुलांना हे चित्र दाखविताना ते १३ मीटरांहून अधिक उंच आहे, हे आधी सांगावे.