जद्दनबाई कुणाच्या आई होत्या, हे पुरे झालं

जद्दनबाईंचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नर्गिसची आई ना?" या प्रश्नाचा मला संताप येतो. 1931 साली ‘आलम आरा’ आला आणि आपला सिनेमा बोलू लागला. त्यानंतर पाचच वर्षांत, 1936 साली, जद्दनबाईंनी मुंबईत ‘मॅडम फॅशन’ आणि ‘हृदय मंथन’ दिग्दर्शित केले. ‘मॅडम फॅशन’ची कथा त्यांची, संगीत त्यांचं, पडद्यावर कामही त्यांचं. संगीत फिल्म्स ही कंपनीसुद्धा त्यांचीच. त्याच साली पुण्यात प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. त्याचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल आपल्याला तोंडपाठ आहेत आणि असायलाच हवेत. मग घाटाखाली त्याच वर्षी सिनेमे करणारी ही बाई कुणाला कशी आठवत नाही?

कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. जद्दनबाई तवायफांच्या घराण्यातल्या, ठुमरी गाणाऱ्या. अशा बाईचा गळा समाजाला चालतो, रूप चालतं. तिनं पुरुषांना कामाचे हुकूम सोडले, हे मात्र पचत नाही.

हे मी ओझरात बसून छातीठोकपणे लिहिते, कारण शेजारच्या नारायणगावात हेच बघत आलेय. पाडव्याच्या सुमारास तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. फड बाईचा असेल तर सुपारीचा आकडा, कलाकारांची उचल, कुठला वग लावायचा, कुणाची लावणी आधी घ्यायची, सगळं तिच्या शब्दावर चालतं. हे दिग्दर्शन नाही तर काय आहे? विठाबाई नारायणगावकरांनी फड चालवला, राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतला. आम्ही मात्र एकच गोष्ट चघळतो: खेळ चालू असताना बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. त्यांचं सोसणं आम्हाला पाठ आहे. त्यांचा कारभार कुणी विचारत नाही.

जद्दनबाईंच्या वाट्यालाही तेच आलं. 1935 च्या ‘तलाश-ए-हक’मधून चिमुरडी नर्गिस पडद्यावर आली, हे सगळे सांगतात. 1949 साली जद्दनबाई गेल्या. पुढे लेक ‘मदर इंडिया’ झाली, नातू संजय दत्त नट झाला आणि आजीची दिग्दर्शक ही ओळख नात्यागोत्यात बुडाली. 1969 पासून दिल्या जाणाऱ्या फाळके पुरस्काराची यादी वाचा. बायका आहेत, त्या अभिनेत्री आणि गायिका. दिग्दर्शनासाठी एकीचाही मान झालेला नाही. ही सरकारी मोहोर उठलेली दृष्टी आहे.

प्रभातच्याच जागेत उभी राहिलेली फिल्म इन्स्टिट्यूट आपल्या पुणे जिल्ह्यात आहे, फिल्म अर्काइव्ह आहे. तिथं बोलपटाचा इतिहास शिकवताना जद्दनबाईंना दिग्दर्शकांच्या पहिल्या रांगेत बसवा. आणि नारायणगावच्या फडमालकिणी हयात आहेत तोवर त्यांच्यासमोर वही घेऊन बसा. बाळंतपण कसं झालं ते विचारू नका. वग कसा बसवला, ते विचारा.