पाया खणताना



उज्जैनजवळच्या एका खेड्यातून एका मराठी बांधवाचे पत्र आले आहे. दोघे भाऊ मिळून घर बांधीत आहेत. थोरले म्हणतात, पाया तीन फूट पुरे. उरल्या पैशांत पुढची ओसरी होईल, आणि फादरांनी पायाच्या दगडाला आशीर्वाद दिला की चिंता नाही. धाकटे विचारतात, खरेच चिंता नाही काय?

चिंता आहे. माळव्याची काळी माती ही काळ्या पाषाणाची लक्षावधी वर्षे झीज होऊन झालेली. गव्हाला व कापसाला ती माउली, घराला मात्र सावत्र. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते. वैशाखात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकलेली भिंत दरसाल वर उचलली जाते व पुन्हा खाली बसते. ही हालचाल सगळीकडे सारखी नसते, हेच खरे दुखणे. कडेची माती आधी वाळते, घराखालची ओलीच राहते. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघते. गिलाव्याने बुजवावी, तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा तोंड उघडते. जांभ्या दगडाच्या मुलखातल्या आम्हा कोकणवासीयांना हे सांगून खरे वाटत नाही. 1968 साली उज्जैनला सिरो-मलबार मिशनक्षेत्र स्थापन झाले, तेव्हा केरळातून आलेले धर्मगुरूही जांभ्याच्याच देशातले होते.

तेव्हा खोली फुटांत ठरवू नये. काळ्या मातीचा थर पातळ असेल तर तो संपेपर्यंत खणून पाया मुरमावर बसवावा. थर खोल असेल तर प्रश्न इंजिनिअरचा. अशा जमिनीत सुमारे साडेतीन मीटरपर्यंत ओलावा कमीजास्त होतो. म्हणून त्याखाली पोचणारे, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब घालतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने या पद्धतीवर मोठे काम केले आहे. चरातली काळी माती जोत्यात परत भरू नये. तेथे मुरूमच घालावा. भोवती फरसबंदी करून पागोळ्यांचे पाणी दूर न्यावे. भिंतीला खेटून झाड लावू नये. तेही मातीतला ओलावा ओढते.

आता आशीर्वादाविषयी. दोन घरांचा दाखला संत मत्तय व संत लूक दोघांनीही दिला आहे. परंतु त्या माणसाने खोल खणले, हे केवळ संत लूक (6:48) सांगतात. सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूने घर बांधण्याचे कष्ट जवळून पाहिले असणार. आशीर्वाद मागावा तो त्या कष्टांवर; कुदळीचे काम फादरांच्या तीर्थावर सोपवणे ही श्रद्धा नव्हे, तो आळस होय. थोरल्या बंधूंना हे कटू लागेल, त्याची क्षमा असावी.

ओसरी पुढच्या साली बांधता येईल. फादरांना अवश्य बोलवा. मात्र चर मुरमाला लागल्यावर, आणि मृगाचा पाऊस चरात शिरण्यापूर्वी.