देखाव्यातले पाणी निळेच का?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

यंदा गणेशोत्सवात शहरातील एका देखावा-स्पर्धेत आम्ही तिघी मैत्रिणींनी कपिलधारचा देखावा मांडला होता. तीन फूट लांब, दोन फूट रुंद फळी. तिच्यावर कडा, धबधबा, ओढा, चार घरे आणि एक विहीर. परीक्षकांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "मेहनत चांगली आहे, पण पाणी असे गढूळ का? निळा रंग संपला होता का?" भोवतालची मंडळी हसली. आम्हीही हसलो. पहिला क्रमांक शेजारच्या देखाव्याला गेला. त्यांचे पाणी निळेशार होते.

क्रमांकाचे दुःख दोन दिवसांत ओसरले. प्रश्न मात्र मनातून जाईना. त्या वेळी उत्तर सुचले नाही, म्हणून ते या अंकातून देत आहे.

देखावा ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आमच्या मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. त्यांच्यापुढे फराळाच्या ताटांबरोबर एखादे चिमुकले गावही मांडले जाते. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि पायथ्याशी तळे खणतात. वसईत आणि गोव्यात नाताळच्या गोठ्यापुढे तळे असतेच. धर्म वेगळा, सण वेगळा. पण पाण्यावाचून कुणाचे गाव पुरे होत नाही. हे पाणी करण्याच्या युक्त्याही ठरलेल्या आहेत. आरसा ठेवला की तळे, कापूस लावला की धबधबा, निळा जिलेटिन कागद अंथरला की नदी. कुणी दवाखान्यातली रिकामी सलाईनची बाटली उंच टांगून नळीने कारंजे उडवतो. अलीकडे कूलरचा छोटा पंप बसवून पाणी फिरवतात.

या सर्वांत आरसा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. कारण पाण्याला स्वतःचा असा रंग फारसा नसतोच. ओंजळभर पाणी घेऊन पाहावे. त्यात दिसते ते वरचे आभाळ, नाहीतर खालचा तळ. आभाळ निळे असले तर तळे निळे दिसेल हे खरे. पण भाद्रपदातल्या आमच्या आभाळाला निळे म्हणायला धाडस लागेल!

मी कपिलधारजवळच्या वस्तीवर लहानाची मोठी झाले. संत मन्मथस्वामींच्या समाधीमुळे हे स्थान दूरवर ठाऊक आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला गावोगावच्या दिंड्या पायी येतात. बाकी लोक येतात ते पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला. आम्ही मात्र हे पाणी बारा महिने पाहतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर ते चहासारखे लाल उतरते, कारण माळावरची माती त्याच्याबरोबर येते. पाऊस लागून राहिला की ते निवळते. मग काळ्या पाषाणावर पांढऱ्या दोऱ्या सोडल्यासारखे दिसते. ते एकसंध चादरीसारखे कधीच पडत नाही. खडकाच्या टप्प्याटप्प्यावर आपटून फुटते आणि फेस फक्त जिथे आपटते तिथेच येतो. पाऊस गेला की दोऱ्या एकेक करून कमी होतात. उन्हाळ्यात उरतो तो खडकावरचा काळपट ओघळ आणि वाळलेले शेवाळ. हे सारे रंग पाण्याचेच आहेत. त्यांत शाईचा निळा मला कुठे सापडला नाही.

आम्ही आधी खरेच पाणी सोडून पाहिले. उसना पंप आणला, शाडूच्या कड्यावर रंग दिला आणि पाणी सुरू केले. खरे पाणी खऱ्यासारखे दिसेल अशी आमची समजूत. पण ते नळ गळावा तसे दिसले! कारण उशिरा कळले. घर लहान करता येते, झाड लहान करता येते, बैलजोडी बोटाएवढी करता येते. पाण्याचा थेंब मात्र लहान होत नाही. दोन इंची बाईशेजारी तो थेंब भोपळ्याएवढा वाटतो. शिवाय दहावीच्या विज्ञानात शिकलेले गणित आठवले. एका फुटावरून पडायला पाण्याला सुमारे पाव सेकंद लागतो, पन्नास फुटांवरून पडायला जवळजवळ पावणेदोन सेकंद. म्हणून मोठा धबधबा संथ आणि भारदस्त वाटतो, तर देखाव्यातला घाईत असल्यासारखा. चित्रपटवालेही छोट्या प्रतिकृतीतले पाणी जलद गतीने चित्रित करून पडद्यावर सावकाश दाखवत, ते याचसाठी.

मग आम्ही पंप परत केला. कापूस पिंजून, त्याच्या बारीक वाती ओढून त्या फेव्हिकॉलमध्ये भिजवल्या आणि खडकाच्या टप्प्यांवर एकेक चिकटवल्या. ओढ्याच्या तळाला आधी खरी वाळू आणि बारीक खडे लावले. मधोमध गडद रंग, काठाला फिका. त्यावर फेव्हिकॉलचे पातळ थर दिले. ओला असताना तो दुधासारखा पांढरा असतो, वाळला की पारदर्शक होतो. मात्र जाड थर दिला तर आत पांढुरका राहतो. म्हणून एक थर वाळल्यावरच दुसरा. खालच्या थरात चिमूटभर लाल माती कालवली. काठची माती एका बोटाएवढ्या रुंदीत गडद केली, कारण ओली माती कोरडीपेक्षा नेहमी काळसर दिसते. खरे सांगायचे तर पाणी दिसते ते त्या ओल्या काठामुळेच. बाजारात रेझिन मिळते. त्यात दुसरे द्रव्य मिसळून ओतले की ते काचेसारखे घट्ट होते. पण ते आमच्या ऐपतीबाहेरचे होते आणि ते मातीत विरतही नाही. २०१८ साली राज्याने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. त्याच्या जागी दुसरे न कुजणारे आणून काय साधणार?

राहिली विहीर. खरा वाद तिथेच झाला.

हा देखावा स्पर्धेला नेण्याआधी आमच्या घरी लक्ष्म्यांपुढे मांडायचा होता. मी विहीर खोल केली आणि तळाशी रुपयाएवढे पाणी दाखवले. आई पाहतच राहिली. म्हणाली, "लक्ष्म्यांपुढं कोरडी हीर मांडू नाय, बाई. सणाचं भरलेलं असावं."

माझे आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास गेले की उन्हाळ्यात परततात. घरातली सगळी माणसे एकत्र असतात तो सण लक्ष्म्यांचाच. त्यामुळे "भरलेलं असावं" या शब्दांचे वजन मला समजते. पण मी हट्टाला पेटले होते. मी म्हटले, "आपली विहीर खरंच भरलेली असती, तर तुम्ही कोयता घेऊन गेला असता का?" बोलून गेले आणि मलाच वाईट वाटले.

आई काही वेळ गप्प राहिली. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मग नीट तरी कर. पाणी खाली गेलं म्हंजी दगडावर रेघा उरत्यात. तुझ्या हिरीला रेघाच न्हाईत." तिने आगपेटीची काडी घेतली आणि विहिरीच्या आतल्या अंगाला एकाखाली एक रेघा ओढल्या. वरच्या फिक्या, खालच्या हिरवट. काठाच्या दगडावर दोराच्या खाचा करायला लावल्या. पोहरा बुडताना होणाऱ्या आवाजावरून पाणी किती उरले ते आपल्याला कळते, असेही तिने सहज सांगितले. माझी आई शाळेत गेलेली नाही. पण आमच्या देखाव्यातले सर्वांत खरे पाणी तिच्या हातचे आहे, आणि तेही पाणी नसलेल्या जागी!

पाणी खोल गेलेले दाखवणे म्हणजे गावाची नाचक्की, असे काहींना वाटते. त्यांनी बीडजवळची खजाना विहीर पाहावी. निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास बांधलेली ती प्रचंड गोल विहीर. आत पाहिले तर पाणी थोडेच दिसते. पण ते भुयारातून वाहत जाऊन शेते भिजवत आले आहे. बांधणाऱ्यांना पाणी काठोकाठ दाखवायचे नव्हते, पुरवायचे होते.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी प्राथमिक शाळेत होते. त्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. हंडा पंधरा लिटरचा धरला तर हे तेहेतीस हजार हंडे होतात. आमच्याकडे टँकर येई. मी आजीबरोबर रांगेत उभी राही. त्या रांगेत बहुतेक बाया आणि पोरीच असत. आता कुठलाही देखावा पाहा. त्यात डोक्यावर घागर घेतलेली एक बाई असतेच आणि ती हसत असते. पाणी नेहमी हाताशी, विहीर काठोकाठ, मान ताठ. ज्याने कधी पाणी शेंदले नाही, त्याने ही बाई केली असावी असे मला वाटते.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सण दुःख उगाळण्यासाठी नसतो. देखावा म्हणजे माणसाने मांडलेली इच्छा. माझ्या आईचेही तेच म्हणणे होते. मला ते मान्य आहे. म्हणूनच आमच्या देखाव्यात धबधबा भाद्रपदातला, भरात असलेला होता. पण इच्छा आपल्या पाण्याची असावी. कॅलेंडरवरच्या परक्या तळ्याचा निळा रंग आणून आपल्या विहिरीत ओतला, तर ती इच्छाही उसनीच झाली. शिवाय लहानपणापासून पाणी निळेच असते, विहीर भरलेलीच असते, असे पाहत वाढलेली मुले रिकाम्या विहिरीत डोकावून कधी पाहतील का?

आमच्यासारखी घरातली पहिलीच शिकणारी मुले-मुली या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. आपल्याला वाटते की चांगले ते बाहेरून शिकायचे असते आणि घरचे ते झाकायचे असते. देखाव्यातला निळा रंग हा त्या झाकण्याचाच एक प्रकार आहे. येत्या वर्षी तुम्ही देखावा मांडाल तेव्हा रंगाची बाटली उघडण्यापूर्वी एकदा आपल्या ओढ्यावर जाऊन या, आणि घरी कुणी पाणी भरते त्या माणसाला शेजारी बसवा.

परीक्षकांना एवढेच सांगायचे आहे : निळा रंग संपला नव्हता. बाटली भरलेली होती. आम्ही ती उघडली नाही.