झाडाची रात्र

झाडांवर विजेच्या माळा चढवण्याची हौस विजेच्या दिव्याइतकीच जुनी आहे. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने 1882 च्या नाताळात न्यूयॉर्कमधील घरातल्या झाडाला 80 रंगीत दिवे लावले. ते तोडून आणलेले झाड होते. त्याचा ऋतूंशी संबंध संपला होता. शहरांतील हमरस्त्यांवरची झाडे मात्र जिवंत असतात आणि सणासाठी चढलेली माळ पुढे महिनोन्‌महिने उतरत नाही.

वनस्पती ऋतू ओळखतात तो बराचसा रात्रीच्या लांबीवरून. गार्नर आणि अलार्ड यांनी 1920 मध्ये तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून दिवस-रात्रीच्या प्रमाणाचा फुलोऱ्याशी असलेला संबंध मांडला. पुढे पानांतील फायटोक्रोम हे प्रकाश ओळखणारे द्रव्य सापडले. दिवाळीच्या तोरणातली शेवंती याचे रोजच्या ओळखीचे उदाहरण. रात्र लांबली की तिला कळ्या धरतात, म्हणून फूल उशिरा हवे असलेले बागायतदार रात्री शेतात दिवे लावतात. शेतकरी हिशेबाने करतो तेच महापालिका बेहिशेब करते. न्यूयॉर्कमध्ये पथदिव्यांजवळच्या काही झाडांची पानगळ लांबल्याची नोंद 1936 मध्येच झाली होती. सगळ्या जातींवर परिणाम सारखा होत नाही, हेही खरे.

झाडाची रात्र एकट्या झाडाची नसते. तलासरी तालुक्यातील अच्छाडसारख्या गावांच्या परिसरात मोहाला मोठा मान. त्याची फुले रात्री उमलतात, पहाटे गळतात. परागीभवनाचे काम वटवाघळे करतात आणि ती उजेड टाळतात. खोडाला आवळलेली तार आणि ठोकलेले खिळे यांचा जाच वेगळाच: खोड जाड होत जाते, तार सैल होत नाही.

अच्छाडच्या सीमानाक्यावरून दक्षिणेला जाणारा महामार्ग मीरा-भाईंदरच्या हद्दीतून मुंबईत शिरतो. झाडांवरील रोषणाईविरुद्धच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदर या तिन्ही महापालिकांना नोटिसा काढल्या. त्यानंतर मुंबई महापालिकेने झाडांवरचे दिवे उतरवायला घेतले.

आपल्याकडे उजेडाच्या जागा ठरलेल्या होत्या: देवळापुढे दगडी दीपमाळ, दारात आकाशकंदील, वृंदावनाच्या कोनाड्यात पणती. रस्ता सजवायचाच असेल तर कमानी आणि खांब आहेत. वाचकांनीही यंदा अंगणातल्या झाडावर माळ चढवू नये, आणि सोसायटीने चढवली असेल तर भाऊबीज झाली की ती उतरवायला लावावी.